रिफ्रेश मारून संगणक पळत नाही

विंडोज सुरू झाले की उजवे क्लिक, रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. झेरॉक्सच्या दुकानापासून सीएच्या ऑफिसपर्यंत अनेकांच्या दिवसाची सुरुवात याच नेमाने होते. मशीन मंदावले की पुढचे उपायही ठरलेले: टेम्पच्या फाइली उडवा, एखादे क्लीनर टाका, तरी जमले नाही तर फॉरमॅट मारा. यातले काही उपाय निरुपयोगी आहेत, काही उलटे पडतात आणि एखादा लागू पडला तरी तो आपण समजतो त्यापेक्षा वेगळ्याच कारणाने.

संगणक मंदावतो तेव्हा बहुधा प्रोसेसर, रॅम, डिस्क किंवा इंटरनेट यांपैकी काहीतरी अडलेले असते. कोणते, ते पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रत्येक घटकावर किती टक्के भार आहे आणि तो कोणत्या प्रोग्रामने टाकला आहे, हे दिसते. तिकडे न पाहताच उपाय सुरू होतात, म्हणून पुढचे गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज १: रिफ्रेश केले की संगणक हलका होतो.

वस्तुस्थिती: रिफ्रेश किंवा एफ५ समोरच्या फोल्डरची यादी पुन्हा वाचून पडद्यावर नव्याने दाखवते, एवढेच. नुकतीच कॉपी केलेली फाइल दिसत नसेल, तर रिफ्रेशचा उपयोग आहे. त्याने रॅम मोकळी होत नाही आणि चालू असलेला एकही प्रोग्राम बंद होत नाही.

गैरसमज २: टेम्प आणि प्रिफेच फोल्डर रिकामे केले की वेग वाढतो.

वस्तुस्थिती: प्रिफेच २००१ च्या विंडोज एक्सपीपासून आहे. एखादा प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फाइलींचे कोणते भाग लागतात, याच्या नोंदी त्यात असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी तोच प्रोग्राम उघडायला उलट जास्त वेळ लागतो आणि विंडोज नोंदी पुन्हा लिहायला घेते. टेम्पच्या फाइली काढल्याने जागा मिळते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरच त्याचा फरक जाणवतो, कारण अपडेट आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) यांना मोकळी जागा लागते. हे काम सेटिंग्जमधले स्टोरेज सेन्स आपोआप करते.

गैरसमज ३: रॅम जितकी रिकामी, तितका संगणक वेगवान.

वस्तुस्थिती: रिकामी रॅम काहीच काम करत नाही. व्हिस्टापासून विंडोज उरलेल्या रॅममध्ये नेहमी लागणाऱ्या गोष्टी आधीच आणून ठेवते आणि एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली की ती लगेच सोडते. रॅम बूस्टर नावाचे प्रोग्राम हा साठा हुसकावून लावतात. आकडा छान दिसतो, पण तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. रॅमची खरी टंचाई वेगळी असते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. क्रोमचे डझनभर टॅब, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवायचे, तर ८ जीबीच्या खाली ओढाताण होते. रोजच्या कामात रॅम सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा.

गैरसमज ४: एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवली की सगळे कोअर कामाला लागतात.

वस्तुस्थिती: ते आधीपासूनच लागलेले असतात. तिथला चौकोन टिक केलेला नसेल, तर विंडोज सगळे कोअर वापरते. ती सोय चाचणीसाठी आहे आणि तिने कोअर फक्त कमी करता येतात. चुकून कमी आकडा निवडला, तर तो बदलेपर्यंत चांगले मशीनही रेंगाळते.

गैरसमज ५: रजिस्ट्री क्लीनर आणि जोडीला दोन अँटिव्हायरस ठेवावेत.

वस्तुस्थिती: रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही. तिच्यात विंडोज हवी ती नोंद थेट तिच्या पत्त्यावर शोधते. काहीशे जुन्या नोंदी पडून राहिल्याने जाणवण्याइतका वेळ जात नाही. चुकीची नोंद उडाली तर मात्र प्रोग्राम, प्रसंगी विंडोजसुद्धा सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टही असे क्लीनर वापरण्याला पाठिंबा देत नाही. दोन अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आहेच. दुसरा घ्यायचा असेल तर एकच घ्या.

गैरसमज ६: डिस्क मंदावली की डीफ्रॅग करावी.

वस्तुस्थिती: हा सल्ला हार्ड डिस्कच्या काळातला आहे. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात आणि माहिती वाचणारे टोक ग्रामोफोनच्या सुईसारखे त्यांच्यावर जागा शोधत फिरते. फाइलीचे तुकडे विखुरले की ही धावपळ वाढते, म्हणून डीफ्रॅग उपयोगी पडे. एसएसडी या चिपवर चालणाऱ्या डिस्कमध्ये हलणारा भागच नाही, त्यामुळे तुकडे कुठे आहेत याने फारसा फरक पडत नाही. डीफ्रॅगने उलट तिची लिहिण्याची मर्यादित क्षमता खर्च होते. आजची विंडोज एसएसडी ओळखून तिच्यासाठी ट्रिम नावाची वेगळी देखभाल स्वतःच करते.

मात्र टास्क मॅनेजरमध्ये डिस्क वारंवार शंभर टक्क्यांवर अडकत असेल आणि आत हार्ड डिस्क असेल, तर मुख्य अडचण तीच आहे. संगणक सुरू होताना हजारो छोट्या फाइली ठिकठिकाणाहून वाचाव्या लागतात. असे विखुरलेले वाचन हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक वेळा करू शकते, तर साधी साटा एसएसडी हजारो वेळा करते. अडीच इंची हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये साटा एसएसडी त्याच जागी बसते. जुन्या मशीनवर पैसे खर्चायचेच असतील, तर आधी इथे खर्चावेत.

गैरसमज ७: रोज शटडाउन केले की रोज नवी सुरुवात होते.

वस्तुस्थिती: २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. अडकलेला ड्रायव्हरही त्यासोबत परत येतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर अप टाइम पाहा. रोज बंद होणारा संगणक अनेक दिवस चालू असल्याचे दिसू शकते. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते.

गैरसमज ८: अपडेट बंद केले की संगणक सुटा होतो.

वस्तुस्थिती: अपडेट उतरत असताना मशीन मंदावते, हे खरे. पण १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या फटीतून शिरकाव केला, ती बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. बंद करण्याऐवजी सेटिंग्जमध्ये आपल्या कामाच्या वेळा नोंदवा. विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात असू द्या.

गैरसमज ९: शेवटी फॉरमॅट हाच उपाय.

वस्तुस्थिती: फॉरमॅटनंतर संगणक काही दिवस पळतो, कारण सुरू होतानाच उठून बसणारे प्रोग्राम गेलेले असतात. ते टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरून पाच मिनिटांत बंद करता येतात. मग प्रिंटर, टॅली, मराठी टायपिंग सगळे पुन्हा टाकावे लागत नाही. शिवाय पंख्यात धूळ साचून लॅपटॉप तापत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तिथे फॉरमॅट काही करू शकत नाही, पंखा साफ करावा लागतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: रीस्टार्ट, मग टास्क मॅनेजर, मग स्टार्टअपची छाटणी. एवढ्याने भागले नाही तरच पाकीट काढा. आणि दुरुस्तीला नेताना नुसते ‘स्लो झालाय’ म्हणू नका. डिस्क शंभर टक्क्यांवर जाते की रॅम नव्वदवर, हे सांगा. म्हणजे समोरचाही थेट ‘फॉरमॅट मारू या’ म्हणणार नाही.