पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही

खामगावचं मार्केट यार्ड घ्या, मलकापूरचा हायवे घ्या, नाहीतर चिखली-मेहकर रस्त्यावरचा कोणताही कमानवाला. सोयाबीनच्या हंगामात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एक पाटा टाकून घे, मंग भर तीस क्विंटल. गाडी बसते का पाह्य." सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा मनापासून पैसे मोजतो, आणि सतरा क्विंटलसाठी बनवलेली पिकअप तीस क्विंटल घेऊन राजूर घाट उतरायला लागते. हा सल्ला देणारे लोक वाईट नसतात, म्हणून तर त्याचा जास्त राग येतो. ज्याच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, त्यालाच तो सर्वांत महाग पडतो.

मूळ गैरसमज एका ओळीचा आहे: गाडी मागून बसली नाही, म्हणजे गाडीने भार पेलला.

हे खरं नाही. ते का खरं नाही, ते जरा सावकाश पाहू.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला मागे पाट्यांची कमान असते. स्प्रिंगच्या पोलादाचे पाटे एकावर एक रचलेले, मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळा गठ्ठा यू-बोल्टनी एक्सलच्या हाऊसिंगला आवळलेला. एक टोक पिन आणि बुशमध्ये, दुसरं शॅकलमध्ये. भार पडला की कमान सपाट होत जाते, तशी ती लांबते आणि शॅकल झुलून ती लांबी सामावून घेतो. कमानीचं काम खड्ड्याचा धक्का झेलायचं आणि चाक रस्त्याला टेकवून ठेवायचं. वजन तिच्यापाशी थांबत नाही. ते चासीतून कमानीत येतं, तिथून एक्सलमध्ये, मग बेअरिंग, रिम, टायर आणि शेवटी जमिनीत जातं. पाटा वाढवल्याने या वाटेवरचं एक किलोही कमी होत नाही. तराजूचा काटा दोरीने बांधून ठेवला म्हणून पारड्यातला माल हलका होत नाही, तसंच हे.

हिशेब करून पाहा. धरा, एका बाजूच्या कमानीत सारख्या जाडीचे ६ पाटे आहेत आणि ६०० किलोच्या भाराने ती ६ सेंटिमीटर दबते. सातवा तसाच पूर्ण लांबीचा पाटा टाकला, तर ताठरपणा साधारण एक षष्ठांशाने वाढेल आणि तोच भार तिला ५ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त दाबेल. म्हणजे हाती आली ती जेमतेम सेंटिमीटरभर उंची. बेअरिंगवर ६०० किलो होते, ते ६०० किलोच राहिले.

"मग जाडच टाकू" हा पुढचा सल्ला, आणि तो आणखी घातक आहे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो एकटा जवळजवळ दोन पाट्यांइतका ताठर होतो. सगळे पाटे वाकतात तितकंच त्यालाही वाकावं लागतं, पण जाडीमुळे त्याच्या पृष्ठभागावरचा ताण इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून बऱ्याचदा नवा, जाड पाटाच आधी तुटतो आणि गाडीमालक दुकानदाराला दोष देतो. तो तुटला नाही तर पुढचं कच्चं ठिकाण शरण येतं: कमान जिथे चासीला धरलेली असते तिथे तडा जातो, हाऊसिंग वाकतं, चाकाचं बेअरिंग गुरगुरायला लागतं.

आता ब्रेककडे येऊ, कारण घाटावर राहणाऱ्या आणि घाटाखाली माल नेणाऱ्या माणसाने हे नक्की समजून घ्यायला हवं. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक वॉल्व असतो. एका दांडीने तो चासी आणि एक्सल यांमधलं अंतर 'वाचतो'. गाडी भरून खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. पाटे वाढवून गाडी उंच ठेवली आणि या वॉल्वची सेटिंग तशीच राहिली, तर भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक अर्धवट काम करतात आणि सगळा जोर पुढच्या ब्रेकवर येतो. ३ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ३० लाख ज्यूल ऊर्जा ब्रेक आणि इंजिनाला मिळून जिरवावी लागते. एक टन जादा भरला की त्यात आणखी १० लाखांची भर. ब्रेकचे पॅड आणि लायनर मात्र तेच राहतात. राजूर घाटात लायनर जळल्याचा वास आला की "ब्रेक ॲडजस्ट करून घे" म्हणणारे भेटतात. "एवढा माल कशाला भरला" असं कुणी विचारत नाही.

आणि परत येताना? खामगावला माल उतरवून गाडी रिकामी येते. रिकाम्या गाडीला ती ताठर कमान दबतच नाही, मागची चाकं खडीवर उड्या मारतात. पावसात अचानक ब्रेक दाबला की शेपटी फिरते. तीस क्विंटलसाठी बनवलेली कमान वर्षातल्या निम्म्या किलोमीटरला रिकाम्या गाडीला त्रास देते.

कागदावर काय आहे ते पाहू. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. या दोघांतला फरक म्हणजे माल, ड्रायव्हर, हमाल आणि तुम्ही नंतर बसवलेला कापसासाठीचा पाइपांचा सांगाडा, सगळं धरून. जाहिरातीतले १.७ टन म्हणजे पूर्ण सतरा क्विंटल सोयाबीन नव्हे, हे इथेच कळतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११३ सांगतं की आरसीवरच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवता येत नाही. किती पाटे लावलेत हे कायदा विचारतच नाही. कलम १९४ चा दंड १ सप्टेंबर २०१९ पासून २० हजार रुपये आहे, वर जादा वजनाच्या दर टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही तुमचाच. वजन करायला थांबायलाच नकार दिला तर ४० हजार. तीस क्विंटलची एक खेप वाचवायला निघालेल्या माणसाने हे आकडे आधी मांडून पाहावेत. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की उत्पादकाने दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील चुकीचा ठरेल. घासलेला पाटा काढून त्याच मापाचा नवा टाकणं ही दुरुस्ती. क्षमता वाढवल्याचा दावा करत चार जास्तीचे पाटे टाकणं ही वेगळी गोष्ट.

मग गाडी मागून बसते तेव्हा करायचं काय? कारण बसणं हा त्रास खराच आहे. मागची बाजू बसली की हेडलाइट वर उठतात आणि रात्री समोरच्याचे डोळे दिपवतात, स्टिअरिंग हलकं लागतं, मडगार्ड टायरला घासतं. पण बसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

आधी गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वर चासीपर्यंत टेपने माप घ्या. एक बाजू खाली असेल तर त्या कमानीत पाटा तुटलाय, बुश संपलाय किंवा सेंटर बोल्ट गेलाय. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील आणि गाडी जुनी असेल, तर पोलाद थकलंय; मूळ मापाचे नवे पाटे दोन्हीकडे एकदम टाका. रिकामी गाडी बरोबर उभी राहते, पण भरली की बसते, तर तिला वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन करा. पूर्ण वजन आरसीच्या आकड्यात बसतंय, पण मागच्या एक्सलवर जास्त पडतंय, तर दोष माल रचण्यात आहे.

हे रचण्याचं कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरा. १००० किलो माल मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवला, तर मागच्या एक्सलवर सुमारे ११६७ किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरून १६७ किलो उचलले जातात. तोच माल एक्सलच्या अर्धा मीटर पुढे सरकवला की मागे ८३३ किलो आणि पुढे १६७. म्हणजे कट्टे एक मीटर पुढे रचले की मागच्या एक्सलवरचे ३३३ किलो कमी झाले, एकही पाटा न वाढवता. डाल्यात कट्टे चढवताना मागच्या फळीपासून भरत जाणं हमालाला सोपं पडतं, म्हणून तशी सवय लागते. ड्रायव्हरने उभं राहून आधी केबिनकडची थप्पी लावून घ्यावी. कापसाचं उलट आहे: तो हलका, पण उंच आणि रुंद. तिथे वजनापेक्षा गाडी कलंडण्याचा धोका मोठा, आणि डाल्याच्या बाहेर लोंबणाऱ्या मालालाही २० हजारांचाच दंड.

काही गाड्यांना जास्तीचा आधार योग्यही असतो. पाण्याची टाकी, वेल्डिंगचं सामान, असं वजन कायम डाल्यात असेल आणि काट्यावरचा आकडा मर्यादेत असेल, तर उत्पादकाच्याच वरच्या मॉडेलची कमान किंवा भार आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा बसवता येतो, पण तोही ब्रेकच्या त्या वॉल्वची सेटिंग तपासून. काट्यावरचा आकडाच मर्यादेबाहेर असेल, तर त्या कामाला मोठी गाडी किंवा दुसरी खेप लागते.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

नवे शॉकअप टाकले की गाडी बसत नाही: शॉकअप कमानीचं हेलकावणं शमवतात, साधा शॉकअप भार पेलत नाही.

हवेचे फुगे बसवले की क्षमता वाढते: ते उंची सावरतात, एक्सल, ब्रेक आणि आरसी तीच राहते.

टायरमध्ये हवा जास्त भरली की वजन चालतं: टायरच्या बाजूवर भाराचा आकडा छापलेला असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, आणि तेही प्रत्येक टायरला जास्तीत जास्त. नेमून दिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरून तो वाढत नाही.

बसलेला पाटा ठोकून कमान चढवली की नव्यासारखा होतो: दिसतो तसा, पण थकलेलं पोलाद भार आला की पुन्हा बसतं. गॅसने तापवून वाकवला तर पाणी दिलेल्या पोलादाचा कसच जातो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून लावणं तर कधीच नाही.

सरकारने २०१८ साली वजन वाढवून दिलंय: ती वाढ जड ट्रकांच्या एक्सलभाराची होती. तुमच्या पिकअपच्या आरसीवरचा आकडा त्याने बदललेला नाही.

यू-बोल्ट एकदा आवळला की काम झालं: नवे पाटे पहिल्या काही भरलेल्या खेपांत एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतो. तो पुन्हा आवळला नाही तर पाटे आणि हाऊसिंग एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि मागचा एक्सल तिरका होतो. पाटे वाढवूनही जुनेच यू-बोल्ट वापरले, तर नटाला पुरेसे आटे मिळाले आहेत का, हे गाडी खड्ड्यावरून बाहेर काढण्याआधी वाकून पाहा.