शाळेतील दांडगाई : तिची कारणे आणि तिचा प्रतिबंध

मुले एकत्र जमली की भांडणे व्हायचीच. खेळातील डावावरून किंवा बाकावरील जागेवरून दोघांची जुंपते, आणि दुसऱ्या दिवशी तीच दोघे एकमेकांच्या डब्यातले खातात. अशा भांडणांत दोन्ही पक्ष बहुधा तुल्यबळ असतात व भांडण मिटले की त्याचा मागमूस उरत नाही. दांडगाईचे स्वरूप याहून वेगळे आहे. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात स्वीडन व नॉर्वे येथे घातला. दांडगाईची तीन लक्षणे त्याने सांगितली आहेत : दुसऱ्यास दुखविण्याचा हेतू, त्या कृत्याची पुनरावृत्ती आणि उभयतांच्या बळातील तफावत. हे बळ शरीराचेच असेल असे नाही. वय, संख्या, पैसा, भाषा किंवा वर्गातील वजन यांपैकी कशाचेही ते असू शकते. म्हणून मारणे, दप्तर फेकणे, डबा हिसकावणे यांबरोबरच टोपणनावाने सतत हिणविणे, खेळात न घेणे आणि मोबाइलवरून बदनामी करणे यांचाही समावेश दांडगाईत करावा लागतो.

प्रश्नाची व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांना, म्हणजे जवळजवळ १५ कोटी मुलामुलींना, शाळेत वा शाळेच्या परिसरात सहाध्यायांकडून होणाऱ्या हिंसेचा अनुभव येतो. या आकड्यात मारामाऱ्या आणि दांडगाई या दोहोंची गणना केली आहे. छळ सोसणाऱ्या मुलास झोप लागत नाही, सकाळी पोट दुखू लागते, अभ्यासावरून लक्ष उडते, शाळा नकोशी होते. काहींच्या मनात दीर्घकाळ टिकणारे नैराश्य घर करते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेमध्ये तीन मुलांनी आत्महत्या केली व तिचे कारण बहुधा सहाध्यायांचा छळ हे असावे असे दिसून आले. तेव्हा त्या देशाने १९८३ साली सर्व शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली.

कारणे

दांडगाई करणारे मूल जन्मतःच तसे असते, ही समजूत शास्त्राला मान्य नाही. स्वभावाचा काही वाटा असतो. परंतु अनुकरणाचा वाटाही मोठा असतो. अमेरिकेतील आल्बर्ट बँडुरा याने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ लहान मुले घेतली होती. त्यांपैकी काहींना एक प्रौढ व्यक्ती मोठ्या बाहुल्यास मारीत असल्याचे दाखविण्यात आले. पुढे संधी मिळताच त्या मुलांनी त्याच रीतीने बाहुल्यास मारले, कित्येकांनी तर त्या व्यक्तीचे शब्दही उच्चारले. घरी आपला मुद्दा हाताने पटविला जातो, शाळेत छडीने शिस्त लावली जाते, हे पाहणारे मूल यापासून कोणता धडा घेईल हे सांगावयास नको. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तिचा संबंध केवळ शिक्षकांच्या वर्तनाशी नसून मुलांच्या परस्परांतील वर्तनाशीही पोहोचतो.

दुसरे कारण वेगळेपणाचे. बंगळूरसारख्या शहरात एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मलयाळम व मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. गावाकडून आलेल्या, वर्गाची भाषा अडखळत बोलणाऱ्या मुलाचे उच्चार ही टवाळीची सोपी सामग्री ठरते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालात शरीराची ठेवण हे छळाचे सर्वांत अधिक सांगितले जाणारे निमित्त ठरले असून वंश, राष्ट्रीयत्व वा वर्ण हे त्याखालोखाल येते. तथापि वेगळेपणा हे निमित्तच होय. खरा धोका एकटेपणात असतो. एखादा जिवलग मित्र असलेल्या मुलास छळाची झळ कमी लागते.

तिसरे कारण देखरेखीचा अभाव. मधली सुट्टी, जिना, स्वच्छतागृह, शाळेची बस अशा जागी मोठी माणसे नसतात. सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक जितके अधिक, तितकी दांडगाई कमी, असे ओल्वेउसला आढळले.

बंगळूरचा अनुभव

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था निम्हान्स या नावाने ओळखली जाते. तेथील मनोरुग्णालय व १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून ती १९७४ साली उदयास आली. या संस्थेने माध्यमिक शाळांसाठी जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तयार केला. राग आवरणे, नाही म्हणता येणे, दुसऱ्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहणे असे विषय प्रशिक्षित शिक्षक खेळ व चर्चा यांच्या द्वारा शिकवीत. हा अभ्यासक्रम घेणाऱ्या दोन शाळांतील ६०५ मुलांची तुलना एका वर्षानंतर जवळच्या शाळांतील ४२३ मुलांशी करण्यात आली व निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. अभ्यासक्रम घेतलेल्या मुलांचा आत्मसन्मान व अडचणींस तोंड देण्याची शक्ती अधिक होती, शिक्षकांशीही त्यांचे अधिक पटत होते. घरी व सहाध्यायांशी जुळवून घेण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. मूल चांगले घडते, शिक्षकाशी चांगले वागते, तरी सोबत्यांशी त्याचे नाते जसेच्या तसे राहते, असे का व्हावे? याचे एक उत्तर असे संभवते की, सोबत्यांतील व्यवहार एकेका मुलाच्या हाती नसून तो सबंध वर्गाच्या हाती असतो.

बघे

फिनलंडमधील क्रिस्तिना साल्मिवाल्ली व तिचे सहकारी यांनी १९९६ साली ५७३ विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून हे दाखवून दिले. दांडगा व त्याचा बळी यांखेरीज वर्गात त्याला हात देणारे, हसून उत्तेजन देणारे, दूर राहणारे आणि बळीची बाजू घेणारे असे आणखी चार गट असतात. हशा हेच दांडग्याचे वेतन होय. कॅनडातील टोरांटो येथे क्रीडांगणावरील प्रसंगांचे चित्रण करून अभ्यास केला असता १०० पैकी ८८ प्रसंगी बघे हजर होते, पण जेमतेम १९ प्रसंगी कोणी मध्ये पडले. जेथे कोणी मध्ये पडले, तेथे निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला, असे २००१ साली प्रसिद्ध झाले आहे.

शाळा बदलते तेव्हा

मग सबंध शाळेचे वातावरण पालटता येईल काय? गोव्यातील संगथ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत एक प्रशिक्षित समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शिक्षकाकडे दिले, उरलेल्यांत यांपैकी काही केले नाही. प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, मुलांनी आपली गाऱ्हाणी टाकावयाची पेटी आणि गरजू मुलास समुपदेशन, असा कार्यक्रम होता. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई व नैराश्य दोन्ही घटली. शिक्षकाकडे काम सोपविलेल्या शाळांत मात्र असा परिणाम दिसला नाही. अध्यापनाच्या भारातून शिक्षकास या कामासाठी सवड मिळत नसावी, हे त्याचे एक कारण संभवते.

यावरून शाळांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. केवळ दांडग्यास शिक्षा करून वर्गाची रीत बदलत नाही. मुलांचे ऐकून घेण्यासाठी सवड असलेली एक व्यक्ती शाळेत असावी. निर्जन जागी देखरेख असावी. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राखले जावे. आणि बळीच्या बाजूस जाऊन उभे राहणे हे चुगली नव्हे, हे वर्गात वारंवार सांगितले जावे. संकटात सापडलेल्या मुलास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रंथालयाच्या फलकावर ठळक अक्षरांत लावलेले असावेत.