विष आणि प्रतिविष : प्रथिनांचे परस्परबंधन

पावसाळ्यात भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत, राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत, साप निघणे नवीन नाही. दंश झालेला रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्यासारख्या वैद्याकडे येतो. त्या क्षणी काय करावे हे समजण्यासाठी प्रथिने एकमेकांस कशी बांधली जातात, हे जाणणे अगत्याचे आहे.

सर्पविष हे मुख्यत्वे प्रथिनांचे मिश्रण होय. दोन प्रथिनांचे पृष्ठभाग आकाराने जुळले व धन-ऋण भार समोरासमोर आले, की अनेक दुर्बल बंध मिळून दृढ पकड निर्माण होते. नागाच्या विषातील लघुप्रथिने स्नायूवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहक प्रथिनास अशीच बिलगतात. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही, पापण्या गळतात, श्वास मंदावतो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकासच इजा करते. घोणस व फुरसे यांची विषे रक्त गोठविणारे घटक खर्ची पाडतात.

प्रतिविषाचे कार्यही बंधनाचेच आहे. परळ येथे 1899 मध्ये प्लेग प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या व 1925 पासून हाफकिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे नाव या औषधाशी जोडलेले आहे. घोड्यास अल्पमात्रेत विष टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे मिळवितात. ही प्रतिपिंडे रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषास धरून निष्प्रभ करतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली मात्रेची : 1 मिलिलीटर प्रतिविष घोणसीचे 0.6 मिलिग्रॅम विष बांधते, म्हणजे 10 मिलिलीटरची कुपी 6 मिलिग्रॅम. मात्रा विषाच्या प्रमाणावर ठरते, वजनावर नव्हे. म्हणून बालकासही प्रौढाइतकीच द्यावी लागते. दुसरी काळाची : मण्यारीने केलेली मज्जातंतूची इजा प्रतिविषाने भरून येत नाही. तिचा दंश प्रायः वेदनारहित असतो; रात्री जमिनीवर झोपलेल्या रुग्णास पहाटे पोटदुखी व जड पापण्या दिसल्यास संशय घ्यावा.

चरकाचार्यांनी विषचिकित्सेचे 24 उपक्रम सांगितले आहेत. त्यांत बंधन व छेदनही येते. तथापि आजच्या अनुभवानुसार आवळपट्टी व छेद दोन्ही टाळावेत. अवयव फळीने स्थिर करावा, रुग्णास धीर द्यावा आणि कोणत्याही अगदाची वाट न पाहता त्यास प्रतिविष व श्वासयंत्र असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. औषधविक्रेते बंधूंनी प्रतिविष घरी टोचण्यासाठी देऊ नये. अश्वप्रथिनामुळे तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते व त्यासाठी ॲड्रेनॅलिन हाताशी असावे लागते. द्रवरूप कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्यात, कारण उष्णतेने आकार बिघडलेले प्रथिन विषास धरू शकत नाही.