घर विकताना (भाग सहावा) : घेणारे किती उरतात?

सुरतेत डिंडोली किंवा गोडादऱ्यातल्या एकाच सोसायटीत, एकाच गल्लीत, एकाच मापाची दोन रो हाऊस विकायला निघतात. एकाचा बयाणा महिन्याच्या आत होतो. दुसऱ्याच्या भिंतीवर रंगवलेला मोबाइल नंबर दोन पावसाळ्यांत पुसट होतो. मालक मग वास्तूला, दलालाला, नाहीतर शेजाऱ्याला दोष देत बसतात.

सुरतेतल्या मराठी घरांत हा प्रश्न सध्या मोठा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ लाइनने आलेल्या पिढीने लूम आणि डाइंग मिलच्या पगारातून उधना, लिंबायत, डिंडोली पट्ट्यात घरं घेतली. आता कुणाच्या मुलाला पाल किंवा वेसूला फ्लॅट हवा आहे, कुणाला गावी परतायचं आहे, कुठे भावाभावांत वाटणी व्हायची आहे. पहिलं घर विकल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

माझं म्हणणं असं की, घर किती चांगलं आहे यापेक्षा ते किती जणांना घेता येईल, यावर त्याचा बाजारातला मुक्काम ठरतो. हिशेबच करू. समजा, घराचा सौदा ४५ लाखांना ठरला आणि दस्तऐवजही ४५ लाखांचाच होणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, म्हणजे ३६ लाख. घेणाऱ्याने पदरचे ९ लाख घालायचे. शिवाय गुजरातची ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार, आणि १ टक्का नोंदणी फी. घर बाईच्या नावावर असेल तर ही फी माफ.

आता तोच सौदा, पण विकणारा म्हणतो, ‘दस्तऐवज २५ लाखांचा करू, बाकी रोख द्या.’ बँक कागदावरची किंमत धरते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला मर्यादा ९० टक्के असली, तरी कर्ज साडेबावीस लाखांच्या वर जात नाही. उरलेले साडेबावीस लाख घेणाऱ्याने आणायचे, त्यातले २० लाख रोख. ९ लाख जमवलेली नोकरदार जोडपी या शहरात पुष्कळ सापडतील. साडेबावीस लाख हाताशी असलेली किती? विकणाऱ्याने एका वाक्यात आपली बहुतेक गिऱ्हाइकं दारातून परत पाठवली. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तितकाच दंड होऊ शकतो, ही जोखीम वेगळीच. एप्रिल २०२३ मध्ये गुजरात सरकारने २०११ पासून तसेच राहिलेले जंत्रीचे, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचे, दर जवळपास दुप्पट केल्यावर कागद आणि बाजार यांतली दरी थोडी बुजली, पण मिटलेली नाही.

रोखीची मागणी हे पहिलं गाळण, कागद हे दुसरं. जुन्या सोसायट्यांत विकणाऱ्याकडे पुष्कळदा नुसतं शेअर सर्टिफिकेट असतं, किंवा मधला एखादा व्यवहार पॉवर ऑफ अॅटर्नीवर झालेला असतो. दस्तऐवजात सर्व्हे नंबर असतो, तर टीपी (नगररचना) स्कीमनंतरच्या नकाशावर फायनल प्लॉट नंबर. या दोहोंचा मेळ घालून दाखवणारा कागद हाताशी नसला, तर बँकेचा वकील फाइल परत करतो. बीयू, म्हणजे महापालिकेची वापर परवानगी नसेल किंवा वर परवानगीशिवाय मजला चढवलेला असेल, तरी तेच. मालकाला तो मजला म्हणजे भाड्याचं उत्पन्न वाटतं. कर्ज काढून घेणाऱ्याला तीच अडचण. २०२२ च्या इम्पॅक्ट फी कायद्याने अशी काही बांधकामं नियमित करून घेण्याची वाट उघडली, पण ते काम घर विकायला काढण्याआधी करायचं असतं, गिऱ्हाईक समोर बसल्यावर नाही. शहराच्या ज्या भागांत अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्र कायदा, लागू आहे, तिथे विक्रीला कलेक्टरची परवानगीही लागते. ती मिळेपर्यंत थांबायला तयार असणारेच टिकतात.

घेणाऱ्याची बाजूही अशीच अडलेली असते. लूमवरचा कारागीर किंवा हिऱ्याच्या कारखान्यातला रत्नकलाकार चांगलं कमावतो, पण पगार रोख मिळत असेल तर पगारपत्रक नाही, आणि बँकेच्या लेखी ती कमाईच नाही. ही मला या बाजारातली सगळ्यात मोठी अन्यायाची गोष्ट वाटते. त्यात हिऱ्याचं काम मंदावलं की वराछा-कतारगाम या हिऱ्याच्या भागांतली घरं आधी थबकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा हप्ता झेपेल का, ही धास्ती कारखान्याच्या घंटीपर्यंत, म्हणजे हिरा घासायच्या चाकापर्यंत, पोचली.

जागेचं बोलायचं तर सुरतकर पाण्याची आठवण सोडत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि अडाजण, रांदेरसकट शहराचा मोठा भाग बुडाला. आजही जाणता माणूस तळमजला बघताना ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ हे विचारतोच. लिंबायतला मिठी खाडीकाठी तर दर पावसाळ्यात हा प्रश्न नवा होतो. ते खरं सांगून भाव कमी ठेवणारा लवकर मोकळा होतो. लपवणाऱ्याचं गिऱ्हाईक शेजारच्या पानटपरीवरून परत फिरतं.

आणि भाव. बोस्टनमधल्या फ्लॅटांच्या १९९० च्या दशकातल्या विक्रीचा जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. तो २००१ मध्ये छापून आला. आपण घेतलेल्या भावापेक्षा कमी मिळणार असं दिसलं, की मालक मागणी चढी ठेवत आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. आपल्याकडे ‘मेट्रो येणार आहे’ या वाक्यावर लोक अशीच चढी मागणी ठेवतात. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली या मार्गांचं भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं. स्टेशनपासून लांब असलेल्या गल्लीतही मालक मेट्रोचा भाव आजच मागतो. वेळही बघावी लागते. कमुरत्यात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, पुष्कळ गुजराती घरं सौदा करत नाहीत. तेव्हा पाटी लावली तर पहिला महिना असाच जातो. मग ‘हे घर कधीचं पडलंय’ अशी बोलवा होते आणि चांगल्या घरावरही संशय बसतो.

थांबणं नेहमी चुकीचंच, असं मात्र नाही. शिकागो परिसरातल्या सुमारे लाखभर घरांच्या विक्रीवरून लेव्हिट आणि सिव्हरसन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की दलालांची स्वतःची घरं गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतात आणि ३.७ टक्के जास्त भावाने जातात. दलाल आपल्याला ‘लवकर देऊन टाका भाऊ’ का म्हणतो आणि त्याच्या दलालीचा त्याच्याशी काय संबंध, ते पुढच्या भागात.