पावसाळ्यातलं लोखंड (लेखांक सहावा) : तेलाआधी पाणी

मागच्या आठवड्यात विळा, कुदळ आणि नांगराचा फाळ झाला. त्यांना गंज चढला तर फार तर धार जाते. आजच्या वस्तूला गंज चढला तर वापरणाऱ्याचा हात जाऊ शकतो. ही वस्तू म्हणजे परवान्यावरची बंदूक.

आजोबांच्या काळात जी शिकारीची बंदूक होती, तिचं काम आता बदललं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद झाली. धानाच्या बांध्या तुडवणारं रानडुक्करही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद मात्र आहे. कोका, नागझिरा किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलालगत ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे, तिथे ती वर्षातला बहुतेक काळ नुसती पडून असते. निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. २०२४ साली भंडारा-गोंदियाचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि निकाल ४ जूनला लागला. जमा केलेली बंदूक परत मिळेपर्यंत मृग तोंडावर आलेलं. वापरातल्या हत्यारावर रोज नजर पडते, पडून असलेल्या हत्याराकडे कोण बघतो? गंजाचं फावतं ते इथेच.

नळीच्या आत काय घडतं?

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे मुसळधार पाऊसच हवा असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्यानं वाढतो, आणि तळ्यांच्या भंडारा जिल्ह्यात आषाढ-श्रावणात आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. पुढे कार्तिकात धान कापणीला येतं तेव्हा पाऊस नसतो, पण मचाणावर रात्रभर दव पडतं. पहाटे गार झालेली नळी उबदार घरात आणली की तिच्यावर आतून-बाहेरून पाण्याचे बारीक थेंब धरतात.

त्या थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. त्यामुळे लोखंड विरघळतं थेंबाच्या मध्याखाली आणि तांबूस कडं दिसतं बाहेरच्या बाजूला. डाग पुसला तरी मधला खड्डा राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खड्डा खोल करत जातो.

ठासणीच्या बंदुकीत यात आणखी भर पडते. काळ्या दारूत सुमारे पंचाहत्तर टक्के सोरा असतो, बाकी कोळसा आणि गंधक. बार उडाल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपात घनच राहतो. नळीला चिकटलेल्या काजळीत पोटॅशचे क्षार असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसं ते हवेतली ओल ओढतात. बार पेटवणाऱ्या जुन्या धाटणीच्या टोप्यांमधूनही असाच क्षार मागे राहतो.

आधी धुवा, मग तेल

बहुतेक घरांत पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे असते. पण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. न धुतलेल्या नळीवर तेल चोपडलं की ओल आणि क्षार खाली दडपले जातात आणि गंज तेलाखाली निवांत वाढतो. म्हणून बार उडालेल्या ठासणीच्या बंदुकीला आधी पाणीच हवं.

पहिलं काम, बंदूक रिकामी आहे याची खात्री. गज नळीत सोडून तो तळापर्यंत जातो का ते पाहावं. पडून असलेल्या नळीत कधी कधी कुंभारमाशीचं मातीचं घरही सापडतं, तेही याच वेळी कळतं. मग लाकडी दस्ता भिजू न देता नळीतून थोडा साबण घातलेलं कडकडीत गरम पाणी, आणि नंतर साधं गरम पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत सोडावं. पाणी गरम हवं, कारण तापलेली नळी स्वतःच्याच उष्णतेनं लवकर सुकते. गजाला कोरडा फडका गुंडाळून तळापर्यंत फिरवावा. सर्वांत जास्त काजळी तळाशी आणि टोपी बसवायच्या छोट्या नळीत साठते. पुरतं वाळल्यावरच तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशी पांढरा फडका फिरवून पाहावा. तो तांबूस निघाला तर सगळं पुन्हा.

तेल कोणतं? जवसाचं तेल विदर्भात घरोघरी मिळतं, पण ते हवेत सुकून घट्ट पापुद्रा होतं. लाकडी दस्त्याला ते उत्तम, घोडा आणि चापाच्या यंत्रणेत घातलं तर चाप अडकतो. रॉकेल मळ काढतं, पण उडून जातं, मागे संरक्षण उरत नाही. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं. बंदूक महिनोन्महिने पडून राहणार असेल तर हलकं ग्रीस बरं. पुन्हा दारू भरण्याआधी नळीतलं तेल कोरडं पुसायलाच हवं, नाहीतर दारू ओली होऊन बार फुसका जातो.

ठेवावी कुठे? चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नये, म्यान ओल धरतं. चुलीजवळच्या भिंतीवर ती कोरडी राहील असं वाटतं, पण लाकडाच्या राखेतही पोटॅशच असतं. कोरड्या, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवून ती उत्तम राहते. दारू आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात. आणि नळीला हात लागला की घामाचं मीठ पुसूनच ती परत ठेवायची.

काडतुसांचं पितळ

भंडारा पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे पितळ गंजत नाही, त्यावर कळंक चढतो, हे इथे सांगायला नको. पण ठासणीऐवजी काडतुसाची बंदूक असेल, तर तिच्या काडतुसांच्या पितळेचा खरा शत्रू दुसराच आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात लष्करी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असताना तडकत. पावसाळ्यात होतं म्हणून इंग्रजांनी या दोषाला 'मोसमी तडकणं' असंच नाव दिलं. खरं कारण १९२१च्या सुमारास नीट उलगडलं : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, ओली हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, तिन्ही मिळून धातू चिरतो. पागेच्या जागी गोठा ठेवा, म्हणजे बाराबोरची काडतुसं गोठ्याच्या भिंतीलगतच्या खोलीत का नकोत ते कळेल. तडकलेलं किंवा फुगलेलं काडतूस वापरू नये, चिंचेनं घासून चकचकीतही करू नये.

नळीत बोटाला जाणवेल इतका खड्डा असेल, तर घासून गुळगुळीत करण्यानं तो सुरक्षित होत नाही. स्फोटाचा दाब पेलणारी भिंत तिथे पातळ झालेली असते. अशी बंदूक डागू नये. गावच्या लोहाराकडेही नेऊ नये, कारण शस्त्रदुरुस्तीलाही कायद्यानं परवाना लागतो. ती परवानाधारक कारागिराला दाखवावी, आणि त्यानं नको म्हटलं तर रीतसर जमा करावी.

पुढच्या आठवड्यात : विहिरीवरचा मोटारपंप, आणि त्याचे बोल्ट नेमके पावसाळ्यानंतरच का अडकतात.