महाराष्ट्राचा रणजी संघ आणि पूना क्लबचे मैदान

महाराष्ट्राचा रणजी संघ साऱ्या राज्याचा नाही. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे; कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक अशा जिल्ह्यांतले खेळाडू १९३४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडून खेळतात. इंग्लंडमध्ये सरकारी नकाशे बदलले तरी कौंटीचे संघ जुन्या हद्दींनीच ओळखले जातात, तसाच हा प्रकार.

या संघाचे जुने घर म्हणजे पुण्याच्या लष्कर भागातले पूना क्लबचे मैदान. गोलंदाजांना त्याने फारशी दया दाखवली नाही. सांगलीच्या विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, त्या इथेच; रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी रणजी करंडक जिंकला. देवधरांनी वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. मार्च १९४९ मधल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा आणि नऊ शतके झाली.

पण या मैदानाची सर्वांत मोठी खेळी त्याच मोसमात, तीन महिने आधी झाली होती, आणि ती कोल्हापूरची आहे. १६ डिसेंबर १९४८ रोजी काठियावाडविरुद्धचा सामना सुरू झाला. पाहुण्यांचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तिसऱ्या क्रमांकावर उतरले. सलामीवीर भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. त्यांत भांडारकरांचेही द्विशतक होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला फलकावर ४ बाद ८२६ धावा होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद. त्यांच्या खेळीत ४९ चौकार आणि एक षटकार. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. ४९४ मिनिटे ते खेळपट्टीवर होते.

ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. दोन चौकार आणि एक दुहेरी धाव, एवढ्याने तो मोडला असता. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी आणखी दोनच षटके मागितली, पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी नकार दिला आणि सामना सोडून दिला. प्रतिस्पर्ध्याच्या मानभंगाच्या भीतीने एका फलंदाजाचा हक्क हिरावला गेला, असेच म्हणावे लागते.

प्रथम श्रेणीत ४०० धावांची खेळी करणारे ते आजही एकमेव भारतीय आहेत. तरीही त्यांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. चारशेचा टप्पा गाठूनही कसोटीला मुकलेले ते अनेक दशके जगात एकटेच होते. २०२२ मध्ये ग्लॅमॉर्गन कौंटीच्या सॅम नॉर्थईस्टने नाबाद ४१० धावा केल्या, तेव्हा त्यांना जोडीदार मिळाला. भाऊसाहेब मात्र त्याआधीच, ११ डिसेंबर २०१२ रोजी, ९३व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातच वारले.

पुढे मोठे सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर गेले. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवले ते तिथेच. २०१२ पासून संघटनेचे स्वतःचे स्टेडियम द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे आहे. साउदम्प्टनला हॅम्पशायर कौंटीचे मैदान उभारणारे वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्याच संस्थेने त्याचा आराखडा केला.