नारायण विनायक जगताप कोण?



ग्रंथालयाच्या तासाला सातवीतल्या एका मुलाने 'यक्षांची देणगी' परत करताना मला विचारले, "बाई, हे लेखक दिवसभर गोष्टीच लिहायचे का?" त्याच्या वडिलांचे बेगम बाजारात भांड्यांचे दुकान आहे. सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंतचा कामाचा दिवस त्याने पाहिलेला आहे. लेखकाचा दिवस कसा असतो, हे त्याला कळेना. तास संपला, उत्तर अर्धेच राहिले, म्हणून ते इथे लिहिते.

डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला, पण ते वाढले बनारसला. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी आणि मराठी फक्त घरात. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? उंबरठा ओलांडला की हिंदी, उर्दू, तेलुगू! "महाराष्ट्राबाहेर राहून मुलांची मराठी टिकेल का, आणि टिकली तरी विज्ञानात तिचा काय उपयोग?" हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी निघतो. म्हणून बनारसच्या या मुलाची हकिकत पालकांनीही वाचावी.

पुढे ते केंब्रिजला गेले. तिथे फ्रेड हॉयल हे त्यांचे मार्गदर्शक. हॉयल मोठे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय कादंबरीकारही होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ साली आली होती. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणे कमीपणाचे नाही, हे नारळीकरांना घरच्यासारखे ठाऊक झाले.

१९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे अहमदाबादला एका परिसंवादात एक भाषण फार रटाळ चालले होते. समोर कोरे कागद होते. त्यांवर त्यांनी कथा लिहायला सुरुवात केली. (मुलांनो, वर्गात हा प्रयोग करू नका. निदान माझ्या तासाला तरी!) कथेचे नाव 'कृष्णविवर'. गुरुत्वाकर्षण अतिशय प्रबळ असते तिथे घड्याळ मंद चालते, या आइन्स्टाइनच्या सिद्धांतातल्या गोष्टीचा तिला आधार होता.

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तोवर देशभर प्रसिद्ध होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस दिले तर कथेची परीक्षा कशी होणार? म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या, आपल्या हाताने लिहून काढली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. मगच खरे नाव बाहेर आले आणि संपादक कथा मागू लागले. १९७९ साली 'यक्षांची देणगी' निघाले. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या आल्या.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्यांचे दुकान दुसरेच होते. दिवस संशोधनाचा, १९८८ पासून पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या उभारणीचाही. लेखन उरल्या वेळात. बाळ फोंडके हेही शास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर रसायन अभियंते. अमेरिकेतले आयझॅक असिमॉव्ह आधी जीवरसायन शिकवत, १९५८ पासून पूर्णवेळ लेखक झाले. मराठीत मात्र विज्ञानकथेवर घर चालणे अवघडच.

मग कल्पना कुठून येते? 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. तिच्यावर डाव्या सोंडेचा गणपती काढा आणि तसाच पुढे पुढे काढत जा. फेरी पूर्ण झाली की पट्टीच्या दुसऱ्या बाजूने पहिल्यापाशी पोहोचाल. आता पहिल्याच बाजूने आरपार पाहा. शेवटचा गणपती डोके खाली केलेला दिसेल. पट्टी फिरवून धरा, सोंड उजवीकडे! मोबियसची ही पट्टी गणितज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. नारळीकरांनी विचारले, माणूसच अशी फेरी मारून आला तर? एवढ्यावर कथा उभी राहिली. तिच्यात एक क्रिकेटपटू एकाएकी दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करू लागतो.

त्यांच्या काही कथांतली माणसे जरा व्याख्यान दिल्यासारखी बोलतात, हे मी लपवणार नाही. पण पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, ही त्यांची कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली. मोठ्या भावंडांकडे 'हॉर्नबिल' असेल तर मागून वाचा.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. उत्तरे ते खरोखर पाठवत.

ग्रंथालयात 'यक्षांची देणगी'ची एकच प्रत आहे. रांग लागली तर विश्वस्तांनी आणखी दोन घ्याव्यात, ही विनंती.